स्पॅनिशचे पहिले पाठ, मराठीच्या आधाराने

परकी भाषा शिकायची असेल तर आधी इंग्रजी पक्की हवी, अशी समजूत आपल्याकडे खानदेशात सर्वत्र आढळते, आणि ती केवळ पालकांचीच नव्हे तर शिकवणाऱ्यांचीही असते. जळगावात मी स्पॅनिशच्या प्राथमिक वर्गात नाव घातले, त्या वर्गाच्या माहितीपत्रकावरही इंग्रजीचे चांगले ज्ञान आवश्यक असल्याची सूचना ठळक अक्षरांत छापलेली होती. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. इंग्रजी वाचता-लिहिता येते, परंतु विचार मराठीतूनच होतो. प्राथमिक पातळी पूर्ण केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्याला मराठीचे व्याकरण नीट उमगले आहे त्याला स्पॅनिशचा पाया घालताना इंग्रजीपेक्षा मराठीचाच आधार अधिक भक्कम मिळतो. हे मत कसे बनत गेले, ते वर्गात जे घडले त्याच्या आधारे सांगते.

वर्ग शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी भरत असे. मी भुसावळला राहते, त्यामुळे आठवडाभर नोकरीसाठी अप-डाउन करणाऱ्या मंडळींप्रमाणे माझेही शनिवार-रविवारचे जाणे-येणे सुरू झाले. वर्गात रावेर तालुक्यातील केळी उत्पादक कुटुंबातला, सध्या निर्यातीच्या कामात असलेला एक तरुण होता, अभियांत्रिकीची काही मुले-मुली होती, घरी उर्दू बोलणारी एक औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर होती, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते, ज्यांची मुलगी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात नोकरीला आहे. शिकवणारे सर मूळचे धुळ्याचे, पुण्यात स्पॅनिश शिकून परतलेले. वयाने माझ्याहून बरेच लहान असले तरी वर्गात मी त्यांना ‘सर’च म्हणत असे आणि ते मला ‘मॅडम’ म्हणत.

पहिल्या तासाला त्यांनी या भाषेचा पसारा सांगितला. स्पेनसह सुमारे वीस देशांची ती राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे, आणि पन्नास कोटींच्या जवळपास लोकांची ती मातृभाषा आहे. मग वर्णमाला आली. स्पॅनिश भाषेची अकादमी १७१३ साली स्थापन झाली, आणि तिच्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार आज वर्णमालेत २७ अक्षरे आहेत. ‘सीएच’ आणि ‘डबल एल’ या जोड्याही पूर्वी स्वतंत्र अक्षरे मानल्या जात. २०१० मध्ये त्यांना वर्णमालेतून वगळण्यात आले, उच्चार मात्र तसेच राहिले. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह वाक्याच्या आरंभी उलटे काढण्याचा प्रघात याच अकादमीने १७५४ साली घातला. मोठ्याने वाचणाऱ्याला वाक्य सुरू होण्यापूर्वीच सूर कळतो, ही त्यातली सोय मला एक शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटली.

उच्चारांच्या पाठापासूनच मी वहीत दोन रकाने पाडले, एकात रोमन लिपीतला शब्द आणि दुसऱ्यात त्याचा देवनागरीतला उच्चार. सरांना हे प्रथम पसंत नव्हते. रोमन अक्षरे थेट वाचण्याची सवय लागायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नाही. परंतु अडचण अशी की, आपल्यापैकी बहुतेकांना रोमन अक्षरे इंग्रजीच्या वळणानेच वाचायची सवय आहे. ‘टी’ दिसला की तोंडातून ‘ट’ निघतो आणि ‘डी’ दिसला की ‘ड’. स्पॅनिशमध्ये हे दोन्ही दंत्य आहेत, म्हणजे सरळसरळ आपले ‘त’ आणि ‘द’. टोमॅटोला ‘तोमाते’ म्हणायचे, दोनाला ‘दोस’ आणि तिनाला ‘त्रेस’. ‘प’ आणि ‘क’ यांच्यातही इंग्रजीसारखी हवा सोडायची नाही. स्वर पाचच आणि पाचही स्वच्छ, कुठेही ओढाताण नाही. देवनागरीत लिहिले की जीभ आपोआप दातांकडे जाते. निवृत्त काकांनी एकदा मध्येच हात वर करून विचारले, “सर, हा ‘ट’ की ‘त’?” सर म्हणाले, “‘त’, काका. जीभ दातांना लागली पाहिजे.” त्यानंतर सरांनी स्वतःच माझी वही वर्गात फिरवली.

देवनागरीच्याही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. ‘व्ही’ आणि ‘बी’ यांचा उच्चार स्पॅनिशमध्ये एकच होतो आणि दोन स्वरांच्या मध्ये तो इतका सैल होतो की आपल्या ‘ब’ने तो दाखवता येत नाही. ‘जे’ या अक्षराचा उच्चार घशातून घासत येतो आणि आपला ‘ख’ त्याच्या जवळपास जातो, पण तिथे पोहोचत नाही. हा उच्चार आम्हा सर्वांना शिकवला तो आमच्यातल्या उर्दू बोलणाऱ्या मुलीने. “‘ख़बर’ म्हणताना, ‘ख़ाला’ म्हणताना घसा जसा होतो ना, तसाच ठेवा,” असे ती म्हणाली आणि तिने ‘इख़ो’, म्हणजे मुलगा, हा शब्द इतका सहज उच्चारला की सरांनी तो तिच्याकडूनच सगळ्यांना म्हणवून घेतला. जळगाव-भुसावळसारख्या गावांत मराठी, अहिराणी, लेवा बोली, उर्दू, हिंदी एकाच गल्लीत ऐकू येतात. परकी भाषा शिकताना ही केवढी मोठी पुंजी हाताशी असते, हे मला त्या दिवशी जाणवले.

‘डबल एल’चा उच्चार बहुतेक स्पॅनिशभाषक ‘य’ असा करतात. रस्ता म्हणजे ‘काये’, पाऊस पडणे म्हणजे ‘योवेर’. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आइरेसमध्ये मात्र त्याचा ‘श’ होतो आणि ‘काये’चे ‘काशे’ बनते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना दोन ‘एल’ पाहून ‘य’ म्हणणे जड जात होते. काकांना ते जड गेले नाही. आमच्याकडच्या बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो, काळ्याला ‘काया’ म्हणतात, डोळ्याला ‘डोया’, केळीला ‘केयी’. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही, हे उघड आहे. पण लिहायचे एक आणि घरी म्हणायचे ‘य’, याची सवय ज्याच्या कानाला आहे त्याला त्यात वावगे काही वाटत नाही. बोलीभाषेमुळे मुलांचे उच्चार बिघडतात, असे शाळाशाळांतून आजही बोलले जाते. तसे म्हणणाऱ्यांनी आमच्या वर्गात येऊन काकांचे स्पॅनिश वाचन ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

क्रियापदांचा पाठ सुरू झाला तेव्हा पुस्तकातल्या तक्त्याने मुले घाबरली. बोलणे या अर्थाच्या ‘आब्लार’ या धातूची रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान अशी होतात. इंग्रजीत क्रियापद फारसे बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ही सहा रूपे म्हणजे सहा ओझी वाटतात, आणि तो प्रत्येक वाक्यात ‘यो’ म्हणजे ‘मी’ घालत राहतो. मराठी माणसाला हे नवे नाही. जातो, जातोस, जातात या रूपांतच कर्ता बसलेला असतो आणि ‘मी’ वगळला तरी काही अडत नाही. स्पॅनिशमध्येही नेमके तसेच आहे. उलट आपल्या क्रियापदाला बोलणाऱ्याचे लिंगही दाखवावे लागते. तो ‘जातो’ म्हणतो आणि मी ‘जाते’ म्हणते. स्पॅनिश वर्तमानकाळात ती अट नाही, ‘आब्लो’ कोणीही म्हणावे.

द्वितीय पुरुषाने मात्र आमच्या वर्गात थोडा पेच निर्माण केला. जवळच्या माणसासाठी स्पॅनिशमध्ये ‘तू’ आहे, अगदी उच्चारासह आपल्यासारखाच, आणि आदरासाठी ‘उस्तेद’. ‘उस्तेद’चे मूळ ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनात आहे, म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचे येते. आपणही समोरच्या वरिष्ठाला ‘साहेब कधी येणार?’ असे तृतीय पुरुषातच विचारतो, हे लक्षात घेतले की तो नियम पाठ करावा लागत नाही. स्पेनमध्ये आज वर्गमित्रांत वयाचा विचार न करता ‘तू’ वापरतात, म्हणून सरांनी सर्वांना परस्परांना ‘तू’ म्हणण्यास सांगितले. एकोणीस वर्षांच्या मुलाने काकांसमोर उभे राहून ‘कोमो ते यामास?’, म्हणजे ‘तुझे नाव काय?’, असे विचारायचे होते. तो थांबला आणि मराठीत म्हणाला, “काका, मी तुम्हाला ‘उस्तेद’ म्हणतो.” सरांनी ते मान्य केले आणि त्याच निमित्ताने समजावले की, कोलंबियाच्या बोगोतासारख्या शहरात घरातल्या माणसांतही ‘उस्तेद’ चालते, अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ म्हणतात, आणि अनेकवचनी ‘वोसोत्रोस’ स्पेनबाहेर जवळजवळ ऐकू येत नाही, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना ‘उस्तेदेस’च. कोणाला काय म्हणावे हे व्याकरणाच्या पुस्तकातून ठरत नाही, त्या त्या गावात जाऊन पाहावे लागते, हे मुलांना त्या एका अडखळण्यातून कळले.

मराठीच्या आधाराविषयीचे माझे मत पक्के झाले ते आवडीनिवडीच्या पाठाच्या वेळी. ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्याचा अर्थ पुस्तकात इंग्रजीतून दिलेला होता आणि तो असा की, आंबा मला सुखकारक आहे. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्याप्रमाणे चालणार, आणि ज्याला आवडते तो माणूस बाजूला, हे इंग्रजीतून समजावून घेताना अभियांत्रिकीच्या मुलांची पार दमछाक झाली. सर फळ्यावर बाण काढून कर्ता आणि कर्म दाखवत होते. मी विचारले, “सर, हे ‘मला आंबा आवडतो’ असेच नाही का?” सरांनी क्षणभर फळ्याकडे पाहिले आणि बाण पुसून खाली दोन ओळी लिहिल्या. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो, आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. आंबा एक असताना ‘आवडतो’, अनेक असताना ‘आवडतात’, आणि ‘मला’ जागचा हलत नाही. सगळा वर्ग एकदम बोलू लागला. रावेरचा मुलगा म्हणाला ‘मे गुस्ता एल भरीत’, आणि पाठोपाठ कोणीतरी ‘मे गुस्तान लोस मांडे’ म्हटले. त्याच साच्यात ‘मे दुएले’, म्हणजे मला दुखते, ‘मे पारेसे’, म्हणजे मला वाटते, आणि ‘मे फाल्ता’, म्हणजे मला कमी पडते, ही क्रियापदे त्याच तासात बसली. इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी पुस्तकाने या एका क्रियापदाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि आम्हाला त्यासाठी एक तास पुरला.

असाच दुसरा मुद्दा कर्माचा. ‘मी घर पाहते’ आणि ‘मी बहिणीला पाहते’ यांतला फरक आपण नकळत पाळतो. निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही, माणसाला ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्येही ‘वेओ ला कासा’ म्हणजे घर पाहते, पण ‘वेओ आ मी एर्माना’ म्हणजे माझ्या बहिणीला पाहते. तो मधला ‘आ’ विसरणे ही इंग्रजीभाषकांची नेहमीची चूक, असे पुस्तकात ठळकपणे बजावलेले आहे. आमच्यापैकी ज्यांनी वाक्य आधी मनात मराठीत जुळवले त्यांच्याकडून तो ‘आ’ सुटला नाही. नात्यांच्या शब्दांतही तेच. काका, मामा यांना स्पॅनिशमध्ये एकच ‘तिओ’ आहे, म्हणून मुलांना ही भाषा गरीब वाटली. पण व्याह्याला ‘कोन्सुएग्रो’ आणि विहिणीला ‘कोन्सुएग्रा’ असे स्वतंत्र शब्द आहेत, हे ऐकल्यावर काकांचा चेहरा उजळला. याही-याहीणींच्या मानपानाशिवाय खानदेशातले लग्न पार पडत नाही, आणि इंग्रजीत त्या नात्याला नावच नाही.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत सरांची पद्धत मला फार आवडली. पुस्तकातल्या बर्फावर घसरणाऱ्या मुलांची चित्रे सोडून त्यांनी आम्हाला आपापल्या कामाचे शब्द शोधायला सांगितले. रावेरच्या मुलाने केळीचे शब्द आणले. त्याच्या घरी मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन्ही लागवडी असतात आणि जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा देश इक्वादोर असल्याने त्या धंद्याचा बराच व्यवहार स्पॅनिशमध्ये चालतो. घडाला ‘रासीमो’ म्हणतात, फणीला ‘मानो’ म्हणजे हात, आणि एकेका केळ्याला ‘देदो’ म्हणजे बोट. ‘ओ’ने संपणारी नामे बहुधा पुल्लिंगी असतात, पण ‘मानो’ स्त्रीलिंगी आहे. हा अपवाद आम्ही ‘ती फणी, ला मानो’ असा लक्षात ठेवला. खुद्द केळ्याला मात्र एक नाव नाही. स्पेनमध्ये ‘प्लातानो’, अर्जेंटिनात ‘बनाना’, कोलंबियात ‘बनानो’, व्हेनेझुएलात ‘काम्बुर’, कॅरिबियन बेटांवर ‘गिनेओ’, आणि याच कॅरिबियन भागात ‘प्लातानो’ म्हटले की भाजीचे केळे समोर येते. निर्यातदाराने कागदावर कोणता शब्द लिहावा, हा त्या मुलाचा प्रश्न खरा होता आणि सरांनी तो पुढचा सगळा तास घेऊन सोडवला. मिरचीचेही असेच. मेक्सिकोत ‘चिले’, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘आख़ी’. शेंगदाणा स्पेनमध्ये ‘काकाउएते’, दक्षिण अमेरिकेत ‘मानी’. नंदुरबारचा मिरचीबाजार आणि खानदेशातला शेंगदाणा यांवाचून आपल्या स्वयंपाकाची कल्पना करवत नाही, पण मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, बटाटा आणि मका ही सगळी पिके कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर अमेरिका खंडातून जगभर गेली, हा इतिहास आम्ही त्या शब्दांच्या निमित्ताने वाचला.

संख्यांचा पाठ लवकर उरकला. ज्याने लहानपणी एकोणऐंशी आणि अठ्ठ्याण्णव पाठ केले आहेत त्याला ‘त्रेइंता इ उनो’, म्हणजे तीस आणि एक, हे फार सोपे आहे. एवढे लक्षात ठेवावे की तिथे लाख-कोटी नाहीत, आणि ‘बियोन’ म्हणजे इंग्रजी अब्ज नव्हे, तर एक लाख कोटी.

मराठीचा आधार अपुरा पडला तो ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांपाशी, आणि तिथे आम्ही अनेक आठवडे रेंगाळलो. आपल्याकडे दोन्हींसाठी ‘असणे’ एकच. पुस्तक सांगते की कायमच्या गोष्टींना ‘सेर’ आणि तात्पुरत्या गोष्टींना ‘एस्तार’. हा नियम ऐकायला सोपा असला तरी मला तो घातक वाटतो. जळगाव महाराष्ट्रात आहे, ते उद्या दुसरीकडे जाणार नाही, तरी ‘जळगाव एस्ता एन महाराष्ट्र’ असेच म्हणावे लागते. माणूस मृत आहे, याहून कायमचे काय असणार, तरी तिथेही ‘एस्ता मुएर्तो’. उलट आज सोमवार आहे, ही गोष्ट एका दिवसाची, पण तिथे ‘सेर’ येते. कायम आणि तात्पुरते हा विचार सोडून ‘ही वस्तूची ओळख आहे, की तिची अवस्था किंवा ठिकाण आहे’ असा प्रश्न विचारला तर बरेच धागे सुटतात. सरांनी यासाठी केळी पिकवणी केंद्राचे उदाहरण घेतले. ‘एल प्लातानो एस्ता वेर्दे’ म्हणजे केळे अजून कच्चे आहे, पिकायचे आहे. आणि एखादी जात पिकूनही हिरवीच राहत असेल, तर तिच्याबद्दल ‘एस वेर्दे’. आंबा गोड असतो आणि हा आंबा गोड आहे, यांतल्या ‘असतो’ आणि ‘आहे’ने मला थोडी वाट दाखवली, कारण तिथेही स्वभाव आणि समोरची स्थिती वेगळी केलेली आहे. पण ‘मी शिक्षिका आहे’ इथे मराठीत ‘आहे’ आणि स्पॅनिशमध्ये ‘सोय’, म्हणजे ‘सेर’चे रूप. तेव्हा ही वाट अर्ध्यापर्यंतच जाते आणि उरलेले अंतर वाक्ये म्हणून म्हणूनच काटावे लागते.

नामाआधी येणारी ‘एल’, ‘ला’, ‘उन’, ‘उना’ ही उपपदेही आपल्याला परकीच. कुठे घालावी आणि कुठे गाळावी, याचा अंदाज मला अजून पूर्णपणे आलेला नाही. विशेषणांना मात्र मराठीचा पुन्हा उपयोग झाला. आपल्याकडे ‘चांगला, चांगली’ हे विकारी आणि ‘लाल’, ‘कडू’ हे अविकारी. तिथे ‘बुएनो, बुएना’ बदलतात आणि ‘वेर्दे’, ‘आसुल’ लिंगानुसार बदलत नाहीत. फक्त अनेकवचनाचा प्रत्यय त्यांनाही घ्यावा लागतो. शाळेत ज्या संज्ञा मी वर्षानुवर्षे शिकवत आले, त्या दुसऱ्या भाषेत कामाला आलेल्या पाहून मला फार समाधान वाटले.

संस्कृतीचे पाठ प्रत्येक धड्याच्या शेवटी असत. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊ-दहाला असते, नववर्षाच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खातात, अशी माहिती वाचून आम्ही पुढे गेलो. नावांच्या पाठाने मात्र आम्हाला थांबवले. तिथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले सामान्यतः वडिलांचे आणि दुसरे आईचे. टेनिसपटू राफाएल नादाल पारेरा यांच्या नावात नादाल वडिलांकडून आणि पारेरा आईकडून आलेले आहे. स्पेनमध्ये १९९९ च्या कायद्याने हा क्रम बदलण्याची मुभा आईवडिलांना दिली. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. सरांनी हजेरी त्या पद्धतीने घेतली. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर वर्गात स्वतःचे माहेरचे आडनाव आणि त्याच्या शेजारी आईच्या माहेरचे आडनाव ऐकताना मला जे वाटले ते मी सांगू शकेन असे नाही, पण वर्गातल्या मुलींनी त्यावर बराच वेळ चर्चा केली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले आहे, हा संदर्भ एका विद्यार्थिनीनेच दिला.

मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाचा पाठ नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे घराघरांत दिवंगतांसाठी ‘ओफ्रेंदा’, म्हणजे नैवेद्याची आरास, मांडतात. युनेस्कोने २००८ मध्ये या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली आहे. काकांच्या मुलीने तिच्या शेजाऱ्यांच्या घरातले फोटो पाठवले होते आणि काकांनी ते मोबाइलवर सर्वांना दाखवले. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, तिच्यावर दिवंगतांच्या तसबिरी, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, त्यांच्या आवडीचे पदार्थ, ‘पान दे मुएर्तो’ नावाचा गोड पाव, आणि सगळीकडे झेंडूच झेंडू. या फुलाला तिथे ‘सेंपासूचिल’ म्हणतात आणि त्याचे मूळ मेक्सिकोचेच आहे. पुस्तकात या सणाचे वर्णन विचित्र, मजेशीर असे काहीतरी असल्याच्या सुरात केलेले होते, आणि एरवी कदाचित आमच्या मुलांनीही ते तसेच घेतले असते. पण काका म्हणाले, “आपण आखाजीला घागर भरतो, तसेच की हे.” आणि खरोखरच तसे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचे, सांजोऱ्या, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य करायचा, निखाऱ्यांवर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची. गेलेल्या माणसाला तहान लागलेली असेल म्हणून पाणी ठेवायचे, ही भावना दोन्हीकडे आहे. फरक असा की तिथे रात्री दफनभूमीत जाऊन गाणी गातात, जेवतात, कुटुंबासह जागतात, आपल्याकडे हे घरातच होते आणि आखाजीच्या झोक्यावरची गाणी गातात त्या माहेरी आलेल्या लेकी. त्या संध्याकाळी प्रत्येकाने स्पॅनिशमध्ये आखाजीवर पाच-सहा वाक्ये लिहिली. कोणत्याही पाठ केलेल्या निबंधापेक्षा ती वाक्ये चांगली होती, कारण सांगण्यासारखे काही प्रत्येकाजवळ होते.

शेवटची चाचणी ‘देले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या धर्तीवर घेण्यात आली. ही परीक्षा १९९१ मध्ये स्थापन झालेली सेर्वांतेस संस्था घेते आणि तिचे एक केंद्र दिल्लीत आहे. वाचन व लेखन असा एक गट, श्रवण व संभाषण असा दुसरा. प्रत्येक गटाला ५० गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात किमान ३० हवेत, म्हणजे एका गटातली कमतरता दुसऱ्यात भरून काढता येत नाही. प्रमाणपत्राला मुदत नसते. श्रवणाचा भाग आम्हा सर्वांना कठीण गेला, कारण ध्वनिमुद्रणातील माणसे वर्गातल्या सरांपेक्षा कितीतरी जलद बोलतात. लहान गावातून शिकणाऱ्याला कानावर भाषा पडण्याची सोय स्वतःच करावी लागते. मी प्रवासात स्पॅनिश बातम्या ऐकू लागले आणि काकांनी मुलीशी आठवड्यातून एकदा फक्त स्पॅनिशमध्ये बोलण्याचा नेम धरला.

पुढची पातळी जानेवारीत सुरू होत आहे आणि तिच्यात भूतकाळ येतो. सरांनी आधीच सांगून ठेवले आहे की, तिथे दोन भूतकाळ आहेत आणि त्यांच्यात इंग्रजीतून येणारे विद्यार्थी हमखास अडकतात. एक ‘फुई’, एकदा गेले आणि ते जाणे संपले, आणि दुसरा ‘इबा’, तेव्हा नेहमी जायचे. मी त्यांना म्हटले की ‘लहानपणी आम्ही तापीवर पोहायला जायचो’ आणि ‘काल तापीवर गेलो’ यांतला फरक आमच्या पाचवीतल्या मुलालाही कळतो. त्यांनी मला या दोन्ही काळांची मराठी वाक्ये तयार करून आणायला सांगितली आहेत, आणि नव्या तुकडीला भूतकाळ त्या वाक्यांवरून शिकवण्याचे ठरले आहे. माहितीपत्रकातील इंग्रजीची अटही काढून टाकावी, असे मी सुचवले आहे.